बाल्टिक किनाऱ्यावरचा 'दीर' : लॅटव्हियन 'दिएवेरिस' या शब्दाची कुळकथा

नवऱ्याच्या भावाला लॅटव्हियन भाषेत 'दिएवेरिस' म्हणतात. मराठीत त्याला दीर, कोकणीत देर, गुजरातीत दियर आणि हिंदीत देवर म्हणतात. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील, जेमतेम 19 लाख वस्तीच्या एका देशातला हा शब्द आणि आपल्या माजघरातला दीर हे केवळ सारखे वाटणारे शब्द नाहीत. ते एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. मधल्या काही हजार वर्षांत त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही, एकाने दुसऱ्याकडून काही उसनेही घेतले नाही. तरीही दोघांनी अर्थ जपला तो इतक्या काटेकोरपणे, की 'नवऱ्याचा भाऊ' यापलीकडे एक पाऊलही कोणी टाकले नाही.

लॅटव्हियन ही बाल्टिक शाखेची भाषा. या शाखेतील आज बोलल्या जाणाऱ्या भाषा दोनच : लॅटव्हियन आणि तिची शेजारीण लिथुआनियन. तिसरी बहीण, प्राचीन प्रशियन, अठराव्या शतकाच्या आरंभी लोप पावली. भाषांच्या तौलनिक अभ्यासात या शाखेला मोठा मान आहे. लॅटव्हियन भाषेतील पहिले ज्ञात छापील पुस्तक 1585चे, म्हणजे लिखित परंपरेच्या दृष्टीने ही भाषा मराठीहून कितीतरी धाकटी. पण लिहिली उशिरा गेली म्हणून भाषा तरुण ठरत नाही. तिच्या शब्दांत जपली गेलेली काही रूपे अशी आहेत, की त्यांच्या तुलनेसाठी थेट वेदांपर्यंत मागे जावे लागते.

'दिएवेरिस' हे त्यांपैकी एक. वैदिक संस्कृतात मूळ रूप 'देवृ' असे आहे. पितृ, मातृ, भ्रातृ यांच्या पंगतीत बसणारे. पुढे त्याचे 'देवर' झाले, प्राकृतात 'दिअर' आणि मराठीत 'दीर'. लिथुआनियनमध्ये लॅटव्हियनप्रमाणेच 'दिएवेरिस', रशियनमध्ये 'देव्येर', ग्रीकमध्ये 'दाएर'. लॅटिनमध्ये त्याचे 'लेविर' झाले. लॅटिनमध्ये काही शब्दांत आरंभीच्या 'द'चा 'ल' झालेला दिसतो, त्यातलाच हा प्रकार. आर्मेनियनमधील 'ताय्ग्र' पहिल्या नजरेत परका वाटतो, पण त्या भाषेत 'द'चा 'त' आणि 'व'चा 'ग' होणे हे नियमानेच घडते. इंग्रजीच्या प्राचीन रूपातही 'टाकोर' असा शब्द होता. म्हणजे आज ज्या भाषेकडून आपण 'ब्रदर-इन-लॉ' उसना घेतो, तिच्याजवळ एके काळी स्वतःचा दीर होता. तो तिने हरवला.

ही यादी पाहून एक मोह आवरता यावा लागतो. समाजमाध्यमांवर 'लॅटव्हियन ही संस्कृतची कन्या' असे मजकूर अधूनमधून फिरतात आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ असेच शब्द दिले जातात. शब्द खरे, निष्कर्ष खोटा. 1786 साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या साम्याचे जे स्पष्टीकरण सुचवले, ते एका समान पूर्वजाचे होते, आईमुलीच्या नात्याचे नव्हे. 'दिएवेरिस'च त्याचा चांगला पुरावा आहे, आणि तो पुरावा दडलेला आहे शब्दाच्या पहिल्या स्वरात.

लॅटव्हियनमध्ये देवाला 'दिएव्स' म्हणतात. तो आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा भाऊ आहे, यात शंका नाही. आता 'दिएव्स' आणि 'दिएवेरिस' शेजारी ठेवावेत. मग 'देव' आणि 'देवर' शेजारी ठेवावेत. दोन्हीकडे दिराच्या पोटात देव बसलेला दिसतो. कोणालाही वाटेल, की नववधूला दीर देवासमान, म्हणून हे नाव पडले असावे. प्रत्यक्षात या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. 'देव'चे मूळ चकाकणे, आकाश, दिवस या अर्थांच्या धातूत आहे. त्याच्या आरंभी 'देइ' असा उच्चार होता. दिराच्या शब्दाच्या आरंभी मात्र 'दाइ' होता. हे कळते ते संस्कृतवरून नव्हे, तर इतर भाषांवरून. ग्रीकच्या 'दाएर'मध्ये, आर्मेनियनच्या 'ताय्ग्र'मध्ये आणि जुन्या इंग्रजीच्या 'टाकोर'मध्ये तो 'आ'कार अजून शाबूत आहे. संस्कृतात 'अइ' आणि 'एइ' हे दोन्ही उच्चार एकाच 'ए'मध्ये विरून गेले आणि देव व देवर यांची पहिली अक्षरे सारखी झाली. बाल्टिक भाषांत तेच वेगळ्या वाटेने घडले. तिथे दोन्ही शब्दांत 'इए' आला. संस्कृत ही जननी असती, तर जी 'आ'काराची खूण संस्कृतातच पुसली गेली होती, ती ग्रीकांना आणि आर्मेनियनांना कुठून मिळाली असती?

अर्थात, सामान्य माणूस शब्दाची व्युत्पत्ती करताना धातुकोश उघडत नाही, कानाला काय वाटते ते पाहतो. या बाबतीत आपले पूर्वजही मागे नव्हते. यास्काच्या निरुक्ताच्या प्रचलित पाठात देवर या शब्दाची फोड 'दुसरा वर' अशी केलेली आढळते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. पण तिच्यामागची समाजरीत खरी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका अश्विनसूक्तात विधवा आणि दीर यांची उपमा येते आणि स्मृतिग्रंथांत नियोगाची चर्चा सविस्तर आहे. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकातही निपुत्रिक मरण पावलेल्या भावाच्या विधवेशी दिराने विवाह करावा असा नियम आहे, आणि या प्रथेला मानववंशशास्त्रात जे नाव मिळाले ते लॅटिन 'लेविर'वरूनच. व्युत्पत्ती चुकीची असूनही ती समाजाबद्दल खरे सांगून जाते, असे क्वचित घडते.

देव आणि देवृ यांच्या या सारखेपणाने वैदिक पाठातही एक मौजेचा पेच केला आहे. विवाहाच्या मंत्रात वधूला वीरपुत्र प्रसवणारी म्हटल्यावर पुढचे विशेषण येते, ते ऋग्वेदाच्या पाठात 'देवकामा' असे आहे. म्हणजे देवांवर प्रीती करणारी. तोच मंत्र अथर्ववेदात येतो तेव्हा तिथे 'देवृकामा' असा पाठ मिळतो. म्हणजे दिरांशी प्रेमाने वागणारी. एका स्वराचा फरक, आणि वधूची निष्ठा देवघरातून थेट माजघरात येते! संदर्भ सासरी निघालेल्या मुलीचा आहे हे लक्षात घेतले, तर दुसरा पाठही अगदीच अस्थानी वाटत नाही.

या शब्दाचे खरे मर्म या संदर्भातच आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ बेर्टोल्ड डेलब्र्युक यांनी 1889 साली या भाषाकुलातील नातेवाचक शब्दांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट आजही मानली जाते : लग्नाने जुळणाऱ्या नात्यांसाठी जे शब्द सर्व शाखांत सारखे सापडतात, ते जवळजवळ सगळे बायकोच्या बाजूने पाहिलेले आहेत. नवऱ्याचा बाप, नवऱ्याची आई, नवऱ्याचा भाऊ, नवऱ्याच्या भावाची बायको. याउलट नवऱ्याने बायकोच्या माणसांना काय म्हणावे, यासाठी असे सर्वत्र जुळणारे शब्द फारसे नाहीत. 'श्याल', म्हणजे आपला साला, हा अपवाद काही जण सांगतात. याचा अर्थ सरळ आहे. ज्या समाजात हे शब्द घडले, तिथे मुलगी आपले घर सोडून नवऱ्याच्या घरी जात असे. नव्या घरातल्या प्रत्येक माणसाला ओळखण्याची, त्याचा मान राखण्याची गरज तिला होती; म्हणून नावे तिला लागली. नवऱ्याला तिच्या घरच्यांची रोजची गाठ पडत नव्हती.

ऋग्वेदातील सूर्येच्या विवाहसूक्तात नववधूला सासरा, सासू, नणंद आणि दीर या साऱ्यांवर सम्राज्ञी हो, असा आशीर्वाद दिला आहे. हा मंत्र आजही लग्नात म्हटला जातो. त्या ओळींतले चारही शब्द थोड्याशा उच्चारभेदाने आजच्या मराठीत जिवंत आहेत. होमरच्या 'इलियड'च्या शेवटच्या सर्गात हेक्टरचा मृतदेह ट्रॉयमध्ये आणल्यावर हेलन विलाप करते. हेक्टर तिचा दीर. सर्व दिरांत तूच मला प्रिय होतास, घरातले इतर कोणी टाकून बोलले की तू त्यांना आवरायचास, असा तिच्या शोकाचा आशय आहे. आणि टाकून बोलणाऱ्यांची जी यादी ती देते, तिच्यात दीर, नणंदा, जावा आणि सासू येतात. सासरा मात्र नेहमी मायेने वागला, असे ती मुद्दाम सांगते. परक्या घरात आलेल्या आणि त्या घराच्या संकटाचे कारण ठरलेल्या बाईच्या तोंडी ही यादी आहे. तिच्यातील दीर, जाऊ, सासू आणि सासरा यांचे ग्रीक शब्द आपल्या शब्दांचे सगोत्र आहेत. नणंद तेवढी वेगळी. ग्रीक, लॅटिन आणि स्लाव्ह भाषांत नणंदेसाठी एक समाईक शब्द आहे. तो मराठीच्या वाट्याला आला नाही आणि 'ननान्दृ' ही संस्कृतची स्वतःची निर्मिती ठरली.

लॅटव्हियनांजवळ वेद नाहीत, होमर नाही. त्यांच्याजवळ 'दाइना' आहेत. दाइना म्हणजे बहुधा चार ओळींची लोकगीते. पेरणीची, कापणीची, जन्माची, मरणाची आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर लग्नाची. क्रिश्यानिस बारोन्स (1835 ते 1923) यांनी ही गीते गोळा करून, लावून, 1894 ते 1915 या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केली. त्यांत 2,17,996 गीते आहेत. कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहिलेली ही गीते ठेवण्यासाठी बारोन्स यांनी खणाखणांचे एक खास कपाट करून घेतले होते. ते आज रीगा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि 2001 साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत त्याचा समावेश झाला. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह करणाऱ्यांना या कपाटाचे मोल वेगळे सांगायला नको.

या गीतांत 'दिएवेरिस' येतो तो लाडाच्या रूपात, चेष्टेच्या रूपात आणि धाकाच्या रूपातही. मुलगी लहानपणापासून हातमोजे विणून पेटीत साठवते. लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या घरी गेल्यावर सासूला, दिरांना, नणंदांना ते द्यायचे असतात. गोठ्यात, विहिरीपाशी, उंबऱ्यावरही ठेवायचे असतात. प्रत्येक जोडीची नक्षी निराळी. मानपान हा शब्द त्या भाषेत नसेल, पण ज्या घरात दीर अधिक, तिथे विणकाम अधिक, हा हिशेब तिथल्या मुलींनाही चुकला नव्हता. 'दिएवेरिस' हा शब्द शतकानुशतके कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय टिकला तो बायकांच्या तोंडी असलेल्या या गाण्यांत आणि व्यवहारांत. विसाव्या शतकात म्यूलेनबाख आणि एन्झेलिन्स यांच्या मोठ्या लॅटव्हियन शब्दकोशाने त्याची पद्धतशीर नोंद केली, तेव्हा त्यांना गावोगावची बोलीच प्रमाण मानावी लागली होती.

दिराबरोबर जाऊ येणारच. नवऱ्याच्या भावाच्या बायकोला लॅटव्हियनमध्ये 'इएताल्या' किंवा 'इएतेरे' म्हणतात. कानाला हा शब्द 'जाऊ'च्या जवळपासही वाटत नाही, आणि तरीही दोन्ही एकच आहेत. संस्कृतातील रूप 'यातृ'. मराठीत आरंभीचा 'य' बहुधा 'ज' होतो. यव–जव, योगी–जोगी, यंत्र–जाते. त्याच नियमाने यातृची जाऊ झाली. मूळ शब्दात एक 'न'कार होता. तो संस्कृतात गेला आणि जाताना मागे दीर्घ 'आ' ठेवून गेला. लिथुआनियनने तो 'येन्ते' या रूपात राखला, लॅटव्हियनने गाळला. पण गाळताना 'एन'च्या जागी 'इए' आणला. ही लॅटव्हियनची नेहमीची खोड आहे. लिथुआनियनमध्ये पाचला 'पेन्की' म्हणतात, लॅटव्हियनमध्ये 'पिएत्सी'; आणि आपल्या 'पंच'मधला नकार आठवला, की हिशेब जुळतो. रोमन कायदेपंडितांच्या लेखनातही हा शब्द भावाभावांच्या बायका या अर्थाने सापडतो, फक्त तिथे तो आधीच जुनापुराणा झालेला होता.

इथेही कानाने एक गंमत केली आहे. मराठीत 'जाऊ' म्हटले की 'आपण जाऊ' हे क्रियापद आठवते. लॅटव्हियनमध्ये 'इएत' म्हणजे जाणे, आणि 'इएताल्या' उच्चारताना तेच क्रियापद जिभेवर येते. नाते आणि गमन यांचा मुळात काही संबंध नसताना दोन्ही भाषांत तोच भास व्हावा, आणि दिराच्या बाबतीत दोन्हीकडे देवाचाच भास व्हावा, हा योगायोग भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. सारखे दिसते म्हणून सारखे नसते आणि वेगळे दिसते म्हणून वेगळे नसते, हे विद्यार्थ्यांना एका जोडीत शिकवता येईल.

अर्थाच्या बाबतीत मात्र मराठी आणि लॅटव्हियन हिंदीपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ आहेत. हिंदीत देवर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊच. थोरल्याला जेठ म्हणतात, आणि त्यांच्या बायकाही देवरानी आणि जेठानी अशा विभागलेल्या. गुजरातीतही तोच भेद. मराठीत दीर थोरलाही असतो, धाकटाही, जाऊही तशीच. लॅटव्हियन 'दिएवेरिस' आणि 'इएताल्या' यांनाही वयाची अट नाही. इंदूर, ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्याच्या मराठी घरांत सभोवतालच्या भाषेमुळे 'देवर' वा 'दियर' शिरतो, तेव्हा केवळ उच्चार बदलत नाही; थोरल्या दिराला त्या शब्दात जागाच उरत नाही.

लॅटव्हियनमध्ये सून म्हणजे 'वेदेक्ला'. हा शब्द 'नेणे, घेऊन जाणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. संस्कृत 'वधू'चे नातेही भाषाशास्त्रज्ञ याच धातूशी जोडतात. नेली जाते ती वधू, आणि नेली गेल्यावर तिला भेटतो तो दिएवेरिस.

आता या शब्दांची आजची स्थिती. लॅटव्हियनमध्ये सासऱ्याचा जुना शब्द केव्हाच मागे पडला. लिथुआनियनमध्ये 'शेशुरास' या रूपात श्वशुर ओळखू येतो. लॅटव्हियन मात्र 'वीरातेव्स' म्हणते, म्हणजे सरळ 'नवऱ्याचा बाप'. दिराच्या बाबतीतही बोलण्यात 'वीरा ब्रालिस', म्हणजे 'नवऱ्याचा भाऊ', असे फोड करून सांगण्याचा कल आहे. यातील 'वीर' आणि 'ब्रालिस' हे दोन्ही शब्द पुन्हा आपल्या वीर आणि भ्राता यांचे आप्तच, तेव्हा नवा शब्दप्रयोगही घराबाहेरचा नाही. पण एका शब्दाने होणारे काम दोन शब्दांवर गेले की जुना शब्द कोशाच्या आणि गाण्यांच्या आश्रयाला जातो. जर्मनमध्ये तसेच झाले आणि इंग्रजीतही. इंग्रजीने तर नवऱ्याचा भाऊ, बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा या सर्वांना एकाच 'कायद्याने भाऊ' या शब्दात कोंबले. हा कायदा म्हणजे चर्चचा विवाहविषयक कायदा. भाऊ मानायचा तो निषिद्ध नात्यांच्या यादीसाठी!

मराठीत दीर हा शब्द तसाही तोंडावर वापरला जात नाही. हाक मारायची ती भावोजी किंवा भाऊजी म्हणून. दीर हा तिसऱ्या माणसाला ओळख करून देताना. 'होम मिनिस्टर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 'भावोजी' घराघरांत पोहोचवला, दीर मात्र मागेच राहिला. ओळख करून देताना 'माझे ब्रदर-इन-लॉ' म्हटले की पुढे 'म्हणजे कोण?' असा प्रश्न येतोच, आणि मग लॅटव्हियनांप्रमाणेच 'नवऱ्याचे भाऊ' अशी फोड करावी लागते. जाऊ त्यामानाने चिवट. तिला पर्यायी इंग्रजी शब्दच नाही. दक्षिण भारतात भारतीय इंग्रजीने 'को-सिस्टर' घडवला आहे, तो घडवावा लागला यातच सारे आले.

बल्गेरिया आणि सर्बियात हा शब्द निराळ्या कारणाने टिकून आहे. तिथे 'देवेर' म्हणजे नवऱ्याचा भाऊ तर आहेच, शिवाय लग्नात वधूच्या बाजूला उभा राहणारा, तिला माहेरच्या दारातून आणणारा आणि विधी होईपर्यंत तिची राखण करणारा माणूसही 'देवेर'च. नवरदेवाला सख्खा भाऊ नसेल, तर चुलतभावाला किंवा मित्राला त्या दिवसापुरता हा मान दिला जातो.